ओपीडीतून वर्गात : विद्यापीठात शिकवायला निघालेल्या फिजिओथेरपिस्टसाठी

गुडघ्याच्या प्रॅक्टिकलचा तास होता. प्लिंथवर, म्हणजे तपासणीच्या टेबलावर, एक विद्यार्थी झोपलेला, भोवती आठजण उभे. मी लॅकमन टेस्ट करून दाखवली, म्हणजे गुडघ्याच्या आतलं पुढचं लिगामेंट (हाडांना बांधणारा पट्टा) शाबूत आहे का ते बघायची चाचणी. गुडघा २० ते ३० अंशांत वाकवलेला, एका हाताने मांडी पक्की धरलेली, दुसऱ्या हाताने नडगी मागून धरून पुढे ओढायची. "लिगामेंट तुटलेलं असेल तर इथे सैल लागतं," मी म्हणाले. एका मुलीने विचारलं, "मॅडम, सैल म्हणजे नेमकं कसं? माझ्या हाताला काय कळायला हवं?"

ही टेस्ट मी ओपीडीत अकरा वर्षं केली होती. हाताला उत्तर ठाऊक होतं, पण तोंडात शब्द येईना. मी तीच टेस्ट पुन्हा करून दाखवली आणि ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

क्लिनिकमधून शिकवायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ही अडचण येते. पेशंट बघताना हाताने कळलेलं हातातच राहिलं तरी चालतं. वर्गात ते बाहेर काढावं लागतं, शब्दांत मांडावं लागतं आणि मग दुसऱ्याच्या हातात उतरवावं लागतं. हे वेगळं काम आहे आणि ते मुद्दाम शिकावं लागतं. अर्ज करण्यापासून पहिलं वर्ष संपेपर्यंत गोष्टी ज्या क्रमाने समोर येतात, त्याच क्रमाने पुढे लिहिते आहे.

अर्ज करण्याआधी

जाहिरात दिसली की लगेच अर्ज भरू नका. आधी काही महिने शिकवून बघा. तुमच्या क्लिनिकमध्ये विद्यार्थी पोस्टिंगला येत असतील तर दोघा-तिघांची जबाबदारी मागून घ्या. येत नसतील तर एखाद्या कॉलेजात पाहुणं व्याख्यान द्या किंवा प्रॅक्टिकलला मदतीला जा. या काळात स्वतःबद्दल एक गोष्ट तपासून घ्यायची आहे : विद्यार्थी चाचपडत असताना हात आवरून शेजारी उभं राहणं तुम्हाला जमतं का? पेशंटला लवकर आराम पडावा म्हणून पटकन पुढे व्हायची आपल्याला सवय असते, आणि ती चांगलीच सवय आहे. पण शिकवताना तुम्ही दर वेळी पुढे झालात, तर विद्यार्थ्याचा हात कधी पुढे येणारच नाही.

मग पद नीट समजून घ्या. प्राध्यापकाच्या कामाचे साधारण तीन भाग असतात : शिकवणं, संशोधन आणि विभागाचं काम. त्यांचं प्रमाण पदागणिक बदलतं. काही पदांवर बहुतेक वेळ क्लिनिकमध्ये विद्यार्थ्यांसोबत जातो, काही ठिकाणी संशोधनाशिवाय बढती मिळत नाही. पात्रतेच्या अटीही देशागणिक आणि विद्यापीठागणिक वेगळ्या असतात. कुठे पदव्युत्तर पदवी पुरते, तर कुठे डॉक्टरेट लागते. मित्राने सांगितलं म्हणून चालू नका. नियामक परिषदेचा आणि त्या विद्यापीठाचा लेखी नियम स्वतः वाचा.

आधीच्या सगळ्या नोकऱ्यांची अनुभव प्रमाणपत्रं तारखांसह आताच गोळा करा. संस्था बंद पडतात, मालक बदलतात, आणि पाच वर्षांनी त्या तारखांवर सही करायला कोणी सापडत नाही. प्रॅक्टिसची नोंदणी चालू ठेवा. शिकवायला लागल्यावर ती संपू देणारे मी पाहिलेत, आणि मग विद्यार्थ्यांसमोर पेशंटला हात लावायचा हक्कच उरत नाही.

रुजू होण्याआधी काही गोष्टी लेखी विचारून घ्या. आठवड्याला किती तास शिकवायचं आणि त्यात प्रॅक्टिकल व क्लिनिकल पोस्टिंग धरलंय का? पहिल्या वर्षी कोणते विषय मिळतील? स्वतःची प्रॅक्टिस करायची मुभा आहे का? परिविक्षा काळ किती आणि कायम करताना काय बघतात? यातला विषयांचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. नवीन माणसाला उरलेले विषय देण्याची पद्धत बऱ्याच विभागांत आहे. पहिल्याच वर्षी चार नवे विषय अंगावर आले तर एकही धड शिकवून होत नाही. दोन नवे विषय आणि एक हातखंडा असलेला, अशी मागणी करायला संकोच करू नका.

डेमो लेक्चर

मुलाखतीत बहुतेक ठिकाणी छोटं लेक्चर घ्यायला सांगतात. तिथे आपलं ज्ञान दाखवायचा मोह होतो. "खांद्याचं पुनर्वसन" असा विषय घेऊन पंधरा मिनिटांत सगळं कोंबणारे उमेदवार मी निवड समितीत बसून पाहिले आहेत. ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी गोनिओमीटरने (सांध्याचा कोन मोजायच्या दोन भुजांच्या साधनाने) गुडघा मोजताना मध्यबिंदू कुठे धरायचा, एवढंच घ्या. मांडीच्या हाडाचा खालचा बाहेरचा उंचवटा हा मध्य. एक भुजा खुब्याच्या बाहेरच्या टोकाकडे, दुसरी घोट्याच्या बाहेरच्या हाडाकडे. मध्य दोन बोटं सरकला तर आकडा किती बदलतो ते सगळ्यांसमोर मोजून दाखवा. मग समितीतल्या कोणाला तरी मोजायला सांगा. पंधरा मिनिटांत एका माणसाला एक गोष्ट करता आली, हे दिसलं म्हणजे तुम्ही शिकवू शकता हे दिसलं.

रुजू झाल्यावरचे पहिले दिवस

पहिल्या आठवड्यात तीन कागद मिळवा : चालू अभ्यासक्रम, मागच्या दोन-तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि आपला विषय आधी शिकवणाऱ्याच्या नोट्स. वेळापत्रकात आपल्या विषयाच्या आधी आणि नंतर काय येतं तेही बघा. शरीररचनेत खांदा अजून झालेलाच नसेल तर तुमचं रोटेटर कफ (खांद्याभोवतीचा स्नायूंचा गट) हवेत जाईल.

लॅब सांभाळणाऱ्या माणसाशी पहिल्या दिवशीच ओळख करून घ्या. कोणत्या प्लिंथचा पाय डुगडुगतो, कोणत्या अल्ट्रासाऊंड यंत्राचं हेड तपासायला पाठवलंय, इलेक्ट्रोड कुठल्या कपाटात आहेत, हे सगळं त्यांना माहीत असतं.

आणि जुन्या सहकाऱ्यांच्या तासांना मागच्या बाकावर बसा, परवानगी घेऊन. निदान तिघांच्या. ते विषय काय सांगतात हे बघायला बसायचं नाही. वर्गातला आवाज कसा उतरतो, चुकीचं उत्तर आलं की ते काय करतात, पाठ फिरवून फळ्यावर लिहिताना मागे काय घडतं, हे बघा.

लेक्चरची तयारी

माझ्या पहिल्या लेक्चरला मी इतक्या स्लाइड बनवल्या होत्या की तास संपला तेव्हा निम्म्याच झाल्या होत्या. उरलेल्या पुढच्या तासाला ढकलल्या आणि सगळं सत्र तसंच ढकलत गेलं. ऐन परीक्षेच्या तोंडावर मज्जारज्जूच्या दुखापतींसारखा विषय दोन तासांत उरकावा लागला. त्या बॅचचं नुकसान झालं, हे मला आजही लागून आहे.

त्यानंतर मी तयारी शेवटाकडून सुरू करते. तास संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता येईल, हे एका वाक्यात लिहायचं आणि क्रियापद असं घ्यायचं की ते डोळ्यांना दिसेल. "स्ट्रोकनंतरच्या चालीची माहिती होईल" हे वाक्य कामाचं नाही. "चालीचा व्हिडिओ बघून कोणत्या टप्प्यात बिघाड आहे ते सांगता येईल" हे कामाचं. असं वाक्य लिहिलं की काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते बरंचसं ठरून जातं. एका तासाला तीन मुद्दे भरपूर झाले.

दर तासाची पहिली पाच मिनिटं मागच्या तासावरच्या प्रश्नांना द्या. वह्या बंद, गुण नाहीत, प्रत्येकाने कागदावर लिहायचं. याला चांगला आधार आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे होते. आपल्या विद्यार्थ्यांना ही माहिती आठवड्याने नव्हे, चार वर्षांनी पेशंटसमोर लागणार आहे.

केस सांगताना विकार आणि जगणं जोडून सांगा. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये आणलेलं आयसीएफ, म्हणजे माणसाचं कार्य आणि अपंगत्व यांचं वर्गीकरण, इथे उपयोगी पडतं. शरीराच्या रचनेत आणि कार्यात काय बिघडलं, त्यामुळे कोणती कृती अडली, त्यामुळे माणूस कशातून बाहेर पडला, आणि भोवतालची परिस्थिती साथ देते की आडवी येते. "गुडघा ९० अंश वाकतो" हे पहिलं वाक्य झालं. "म्हणून जिना उतरताना एक एक पायरी घेतो, म्हणून वरच्या मजल्यावरचं काम सोडलं" हे पुढे आलं की वर्गातली मान वर होते.

प्रॅक्टिकल : इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

आपला व्यवसाय हातातून हातात आला आहे. स्टॉकहोममध्ये १८१३ साली व्यायामोपचाराचे स्वीडिश प्रणेते पेर हेन्रिक लिंग यांची जिम्नॅस्टिक्सची संस्था उभी राहिली. ब्रिटनमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी प्रशिक्षित मसाज करणाऱ्या स्त्रियांची संस्था काढली. प्रशिक्षित हात आणि अप्रशिक्षित हात यांतला फरक लोकांना कळावा, हा त्यामागचा आग्रह होता. तो फरक आजही प्रॅक्टिकलच्या तासातच घडतो, म्हणून या भागाबद्दल जरा लांबण लावते.

पहिली गोष्ट, आपल्या तोंडचे "असं" मोजा. कुठलंही तंत्र दाखवताना मोबाइलवर स्वतःचा व्हिडिओ घ्या आणि नंतर कागद घेऊन बसा. "हात असा ठेवायचा", "इथे जरा दाबायचं", "थोडंसं फिरवायचं" अशी वाक्यं खूण करून काढा. जिथे "असं", "इथे", "जरा" आलं, तिथे आपल्या हाताला माहीत असलेली एक गोष्ट शब्दांविना राहून गेलेली असते. लॅकमनच्या त्या तासानंतर मी मोजले तर दहा मिनिटांत ३४ निघाले. प्रत्येकाच्या जागी शरीराची खूण, दिशा, किंवा हाताला जाणवणारी गोष्ट लिहायची. "इथे" म्हणजे नडगीच्या वरच्या टोकाच्या उंचवट्याच्या आतल्या बाजूला, अंगठा सांध्याच्या रेषेजवळ. "जरा" म्हणजे किती, तर कातडी सरकेल पण नखाचा रंग बदलणार नाही इतका दाब. हे काम कंटाळवाणं आहे, एका तंत्राला दोन-दोन संध्याकाळी जातात, पण एकदा केलं की पुढची सगळी वर्षं पुरतं.

दुसरी गोष्ट, दाखवण्याचा क्रम. सर्जन रॉडनी पेटन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या चार पायऱ्या मला सगळ्यात उपयोगी वाटतात. आधी शिक्षक काहीही न बोलता नेहमीच्या वेगाने तंत्र करून दाखवतो. मग तेच तुकडे पाडून, समजावत दाखवतो. तिसऱ्या वेळी विद्यार्थी बोलतो आणि शिक्षक त्याच्या सांगण्याबरहुकूम करतो. चौथ्या वेळी विद्यार्थी स्वतः सांगत करतो. घाईत तिसरी पायरी गाळली जाते, आणि खरी गंमत तिथेच आहे. विद्यार्थी "हात मांडीवर ठेवा" म्हणाला तर खरोखर नुसता ठेवा, धरू नका. टेस्ट होत नाही आणि मग त्याला स्वतःलाच उमगतं की "पक्का धरा" म्हणायचं राहिलं.

तिसरी गोष्ट, विद्यार्थ्याची नजर कुठे आहे ते बघा. ग्लुटिअस मीडिअसचं, म्हणजे पाय बाजूला उचलणाऱ्या खुब्याच्या स्नायूचं, मसल टेस्टिंग (ताकदीची तपासणी) घ्या. पेशंट कुशीवर, वरचा पाय बाजूला उचलायचा. नवा विद्यार्थी पाय किती वर गेला एवढंच बघतो आणि वहीत पाचपैकी ग्रेड चार लिहून मोकळा होतो. आपल्याला मात्र क्षणात दिसतं की कंबर मागे लवंडली, मांडी पुढे आली, पावलाची बोटं छताकडे वळली, म्हणजे पाय दुसऱ्याच स्नायूंनी उचलला. हे "दिसतं" कसं, ते सांगायला हवं. मी त्यांना सांगते : "पाय बघू नका. आधी पावलाची बोटं समोर आहेत ना ते बघा, मग आपला एक हात कमरेच्या हाडावर ठेवा आणि तो हात हलतो का ते बघा. पाय किती वर गेला ते शेवटी." या एका सूचनेने निम्म्या चुका थांबतात.

चौथी गोष्ट अशी, की विद्यार्थी एकमेकांवर शिकतात आणि एकमेकांचे सांधे धडधाकट असतात. बिघडलेलं त्यांच्या हाताला कधी लागतच नाही. म्हणून आधी धडधाकट सांध्यांमधले फरक भरपूर जाणवू द्या. कोपर पूर्ण सरळ करताना हाडावर हाड टेकल्यासारखा शेवट, कोपर वाकवताना मांसावर मांस टेकल्याचा मऊ शेवट, घोटा वर ओढताना ताणलेल्या पट्ट्यासारखा शेवट. हे तीन शेवट डोळे मिटून ओळखता आल्याशिवाय पुढे जाऊ नका. वर्गात कोणाचे सांधे जात्याच लवचीक असतील आणि त्यांची हरकत नसेल, तर त्यांचे सांधे तपासून बघायला मिळणं ही सगळ्यांसाठी मोठी संधी आहे. एकाच गुडघ्यावर दहा वेळा सराव करण्यापेक्षा दहा गुडघ्यांवर एकेकदा करू द्या. मोजमापाचंही तसंच. एकाच गुडघ्याचे आठ जणांनी घेतलेले आकडे फळ्यावर लिहा. पाचेक अंशांचा फरक नुसत्या मोजण्यामुळे पडू शकतो हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की "तीन अंशांनी सुधारणा" असं कोणी फुशारकीने लिहीत नाही.

आता संमतीबद्दल. पहिल्या वर्षी मी खांदा निखळण्याची भीती तपासणारी टेस्ट एका विद्यार्थ्यावर दाखवत होते. हात ९० अंश बाजूला, मग बाहेर फिरवायचा. त्याचा चेहरा पांढरा पडला. दोन वर्षांपूर्वी त्याचा तोच खांदा निखळला होता आणि सगळ्यांसमोर सांगायला तो लाजला. मी थांबले म्हणून काही झालं नाही. पण चूक माझी होती, मी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून सत्राच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाकडून एक गोपनीय फॉर्म भरून घेते : जुन्या दुखापती, शस्त्रक्रिया, शरीरात बसवलेलं धातूचं काही, पेसमेकर, फिट येणं, गर्भारपण, त्वचेची संवेदना कमी असणं. विद्युत उपचारांच्या लॅबमध्ये यातली प्रत्येक गोष्ट महत्त्वाची ठरते. कोणत्याही दिवशी, कारण न सांगता, मॉडेल व्हायला नकार देता येईल आणि त्याचा गुणांवर परिणाम होणार नाही, हे तोंडी सांगते आणि लेखीही देते. कोणते कपडे लागतील ते आदल्या आठवड्यात कळवते. हात लावण्याआधी कुठे लावणार ते सांगून होकार घेते, दर वेळी, पन्नासाव्या वेळीही. विद्यार्थी पुढे पेशंटशी तसंच वागतील, कारण त्यांनी ते रोज पाहिलेलं असेल.

पेशंटसमोर शिकवणं

क्लिनिकल पोस्टिंगमध्ये वेळ कमी आणि विद्यार्थी जास्त असतात. इथे कुटुंबवैद्यकाच्या शिक्षकांनी १९९२ मध्ये मांडलेली पाच टप्प्यांची छोटी पद्धत हाताशी ठेवा. विद्यार्थ्याला आधी स्वतःचं मत द्यायला लावा, ते कशावरून ठरवलं ते विचारा, एक सर्वसाधारण नियम सांगा, काय चांगलं केलं ते नेमकं सांगा, आणि चूक सुधारा. प्रत्यक्षात ते कसं होतं ते बघा.

"मॅडम, पन्नाशीच्या बाई आहेत, तीन महिने उजवा खांदा दुखतोय."
"तुला काय वाटतं?"
"फ्रोझन शोल्डर."
"कशावरून?"
"हात वर जात नाही."
"त्यांचा त्यांना जात नाही, की तू उचललास तरी जात नाही?"

तो गप्प झाला. ते बघितलंच नव्हतं. आम्ही परत गेलो. त्याने हात बाहेर फिरवून बघितला तर दोन्ही खांदे सारखेच फिरत होते. बाहेर येऊन मी एवढंच म्हणाले, "फ्रोझन शोल्डरमध्ये बाहेर फिरवणं आपण केलं तरी कमी होतं. म्हणून त्यांनी केलेलं आणि आपण केलेलं, दोन्ही बघितल्याशिवाय नाव द्यायचं नाही. आणि उचलण्याआधी 'दुखलं की लगेच सांगा' म्हणालास, ते फार चांगलं केलंस." एवढ्याला तीन मिनिटं लागली. "फ्रोझन शोल्डर नाहीये" असं मी सुरुवातीलाच सांगितलं असतं तर अर्धं मिनिट लागलं असतं आणि तो काही शिकला नसता.

पेशंटसमोर विद्यार्थ्याची चूक काढू नका, पेशंटला इजा होणार असेल तेवढा अपवाद. दोघांचाही विश्वास जातो. आणि विद्यार्थी तपासणार आहे, हे पेशंटला आधी विचारा. नाही म्हणण्याची त्यांना खरी मोकळीक हवी.

परीक्षा

वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेला चार पायऱ्यांचा पिरॅमिड इथे लक्षात ठेवा : माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, आणि प्रत्यक्ष कामात करतो. लेखी पेपर खालच्या दोन पायऱ्या मोजतो. ट्रान्सफर (पेशंटला पलंगावरून खुर्चीत हलवणं) येतं का हे लेखी विचारून कळत नाही, ते करायलाच लावावं लागतं.

व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) जुन्या पद्धतीत एकाला सोपा प्रश्न आणि दुसऱ्याला अवघड, असं हमखास होतं. ते टाळायला रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमधल्या डंडीहून १९७५ मध्ये ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षेची पद्धत मांडली. ठरावीक वेळेची स्टेशन्स, सगळ्यांना सारखीच कामं, गुणांचा तक्ता आधीच तयार. पहिल्या वर्षी तुम्हाला एखादं स्टेशन बनवायला सांगतील. तक्ता लिहिताना सुरक्षिततेचा मुद्दा वेगळा काढा. व्हीलचेअरचे ब्रेक न लावता ज्याने पेशंट उठवला, त्याची बाकीची पकड कितीही सुंदर असली तरी त्या स्टेशनला तो उत्तीर्ण होऊ नये, असं माझं ठाम मत आहे. परीक्षेआधी सगळ्या परीक्षकांनी एकच व्हिडिओ बघून एकमेकांना न विचारता आपापले गुण द्यावेत आणि फरक कुठे पडला ते बोलून घ्यावं.

नापास करण्याची वेळ येईल. ते शेवटच्या दिवशी करायचं काम नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शंका आली की तारीख घालून, काय पाहिलं तेवढंच लिहून ठेवा, विद्यार्थ्याला बसवून सांगा, सुधारायला नेमकं काम द्या. "लक्ष नसतं" असं लिहू नका. "तीनपैकी दोन पेशंटांचा रक्तदाब न बघता चालवायला सुरुवात केली" असं लिहा. दया म्हणून पुढे ढकललेला विद्यार्थी अखेर कोणाच्या तरी आईला किंवा वडिलांना उठवून उभा करणार असतो.

संशोधन आणि उरलेलं

पहिल्या वर्षी मोठा प्रकल्प काढू नका. क्लिनिकमध्ये रोज सतावणारा एखादा प्रश्न निवडा आणि पेड्रोवर आधी काय झालंय ते शोधा. १९९९ पासून चालणारा हा फिजिओथेरपीचा विनामूल्य संग्रह आहे आणि त्यात उपचारांच्या प्रत्येक वैद्यकीय चाचणीला (ट्रायलला) दहापैकी गुण दिलेले असतात. माहिती गोळा करायला सुरुवात करण्याआधी नैतिक समितीची मंजुरी घ्या, नंतर ती मिळत नाही. स्वतःच्या वर्गातल्या मुलांना अभ्यासात घ्यायचं असेल तर विचारायचं काम दुसऱ्याकडे द्या, कारण गुण देणाऱ्याला नाही म्हणणं कोणालाच सोपं नसतं. पेपरवर कोणाचं नाव येणार ते काम सुरू होतानाच लिहून ठेवा. ज्याने कामात खरा भाग घेतला, लिहिण्यात किंवा तपासण्यात हात लावला, अंतिम मसुदा मान्य केला आणि त्याची जबाबदारी घेतली, तोच लेखक. पैसे घेऊन चार दिवसांत छापतो म्हणणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहा, तिथे छापलेलं पुढे आयुष्यभर चिकटून राहतं.

समित्या येतील, फायली येतील. एखाद-दुसरी समिती मनापासून घ्या, बाकीच्यांना पहिल्या वर्षी नम्रपणे नाही म्हणा.

क्लिनिक मात्र सोडू नका. आठवड्यातला अर्धा दिवस तरी पेशंटसाठी राखून ठेवा आणि वेळापत्रकात तो लिहून घ्या, नाहीतर मीटिंगा तो खाऊन टाकतात. हाताला रोज नवं काही कळत राहिलं तरच सांगायला काही उरतं.

एक वही

दर तासानंतर तीन ओळी लिहा : काय जमलं, कुठे वर्ग हरवला, पुढच्या वर्षी काय बदलायचं. विद्यार्थ्यांचे अभिप्राय फॉर्म सत्र संपल्यावर येतात, तोवर उशीर झालेला असतो. मी सत्राच्या मध्यावरच कोरे कागद वाटते, नाव न घालता दोनच प्रश्न : काय समजलं नाही, आणि मी काय थांबवावं.

माझ्या वहीत लॅकमनच्या पानावर, दुसऱ्या वर्षीच्या तारखेखाली लिहिलं आहे : "धड गुडघ्यात नडगी थोडी पुढे येते आणि दोरी ताठ व्हावी तशी थांबते. तुटलेल्यात थांबायची जागा सापडत नाही. आधी चांगली बाजू, मग दुखरी. दहा गुडघे झाल्याशिवाय 'सैल' हा शब्द वापरायचा नाही."

तो प्रश्न विचारणारी मुलगी पुढे इंटर्न म्हणून ओपीडीत आली. एके दिवशी तिने मला एका पेशंटपाशी बोलावलं. तिचे दोन्ही हात अजून गुडघ्यावरच होते. हळूच म्हणाली, "मॅडम, डावीकडे थांबतो. उजवीकडे शेवट सापडत नाहीये." मी तिच्या हाताशेजारी हात ठेवून बघितलं. खरंच सापडत नव्हता.